चोर सोडून गिअरबॉक्सला फाशी

मी एक जुना गिअरबॉक्स आहे, मित्रांनो, आणि मी निर्दोष आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर आळ आला तेव्हा माझी बाजू मांडायला कुणी नव्हतं.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं बिडाचं लोखंड साच्यात ओतलं, पोटात दातेरी चाकं बसवली आणि एका निळ्या गाडीच्या इंजिनामागे मला जोडलं. इंजिन नुसता जोर लावतं. चढावर तो कसा वापरायचा आणि सपाटीवर कसा, हे माझं काम. आमच्या दोघांच्या मध्ये असते क्लचची गोल तबकडी. पेडल दाबलं की ती आमचे हात सोडवते, पेडल सोडलं की पुन्हा हातात हात.

ही गाडी एका शिंप्याने हौसेने घेतली होती. त्याच्यामागे ती मुलाकडे आली. मुलगाही शिंपीच, त्याला सगळे शिंपीमामा म्हणतात. मामा गाडी इतकी लख्ख ठेवतात की लोक रस्त्यात थांबून तिच्या रंगाचं कौतुक करतात. खाली अंधारात राबणाऱ्याला कोण विचारतो? त्याचं मला काही वाटत नसे. कौतुक नको, पण निदान आळ तरी नको!

पुढे गाडी चढावर दम टाकू लागली. इंजिन ओरडायचं आणि चाकं ढिम्म. शिवाय माझ्या बाजूने सारखी घरघर ऐकू यायची. मामांनी गॅरेजच्या मिस्त्रींना शेजारी बसवून एक चक्कर मारली. परतीच्या वाटेवरच मिस्त्रींनी निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला, मामा. माझ्याकडे दुसरा पडलाय, तो टाकू. हा जाईल भंगारात."

मामांचा चेहरा उतरला. "वडिलांच्या वेळचा आहे हो तो."

"मग काय उशाला घेऊन झोपणार?"

गॅरेजात गाडी उंच लोखंडी घोड्यांवर चढली. मिस्त्रींनी गिअरचा दांडा काढला, माझ्या पोटातलं तेल परातीत सोडलं, मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सोडवला. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, माझ्याखाली दुसरा जॅक. एकेक बोल्ट निघत गेला तसा माझा धीर सुटत गेला. मग त्यांनी मला हळूहळू सरळ मागे ओढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी इंजिनापासून वेगळा झालो. भंगाराच्या ढिगाला लागूनच मला ठेवलं. शेजारी तो दुसरा गिअरबॉक्स होता. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? तरी मला त्याच्याकडे बघवेना.

मिस्त्री परात उचलायला वाकले आणि थबकले. त्यांनी तेलात बोट बुडवून उजेडात धरलं. चुऱ्याचा कणही नव्हता.

"दाते खराब झाले असते तर तेलात लोखंडाचा चुरा दिसला असता," ते पुटपुटले. मग माझ्याकडे येऊन त्यांनी माझ्या पुढच्या टोकाचा शाफ्ट हाताने फिरवला. मी जीव मुठीत धरून फिरलो. हूं नाही की चूं नाही.

आता त्यांनी क्लच उघडला. तबकडीचं अस्तर पार रिव्हेटपर्यंत झिजलं होतं, मग इंजिनाचा जोर माझ्यापर्यंत पोचणार कसा? पेडल दाबलं की क्लच सोडवणारं एक बेअरिंग असतं, ते त्यांनी बोटांनी फिरवलं. तीच घरघर!

"पण हे बेअरिंग पेडलवर पाय असतानाच ओरडायला हवं," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "त्या दिवशी तर सारखंच ओरडत होतं."

मामांबरोबर आलेल्या मामी स्टुलावर बसून एका सदऱ्याला काजं करत होत्या. त्यांनी सुई थांबवली. "मग पाय सारखाच असणार! यांचा जन्म गेला शिलाई मशीनच्या पेडलवर. जेवताना टेबलाखालीसुद्धा पाय हलतच असतो."

सगळ्यांनी खाली पाहिलं. मामांचा डावा पाय तेव्हाही हलत होता.

मामा लाजले. मिस्त्रींनी स्वतःचे कान पकडले. "तबकडी झिजली तीही या पायानेच. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो मी," ते म्हणाले. त्या क्षणी मला जे वाटलं ते काय सांगू! पोटात तेलाचा थेंब नव्हता, तरी सगळं अंग सैल झालं.

नवी तबकडी आणि नवं बेअरिंग आलं. मिस्त्रींनी तबकडी बरोबर मध्यावर बसवली आणि मला जॅकवर उचलून पुढे सरकवलं. शेवटच्या बोटभर अंतरावर मी अडलो.

"बोल्ट आवळून ओढून घ्या की," मामा घायकुतीला आले.

"मोडायचं आहे का? आता याच्यावर जुलूम नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांनी माझा शाफ्ट अलगद जरासा फिरवला, तबकडीच्या खाचांशी तो जुळला आणि मी सुळकन माझ्या जागी गेलो. हुश्श!

मामींनी जाड कापडाची एक छोटी गादी शिवली. क्लचपासून दूर, डाव्या कोपऱ्यात ती पक्की बसवली. आता मामांचा पाय तिथे हवा तेवढा हलतो आणि गाडी कुठलाही चढ मुकाट्याने चढते.

मित्रांनो, यंत्र कुरकुरलं तर त्याच्याकडे लक्ष द्या. पण कुणालाही भंगारात काढण्याआधी आपला स्वतःचा पाय कुठे आहे, तेवढं एकदा वाकून बघा.