तिसरी बादली

मित्रांनो, मी एक जुनी सिमेंटची टाकी आहे. तुवालूच्या एका चिंचोळ्या बेटावर, चर्चच्या भिंतीला टेकून उभी आहे. चर्चच्या पत्र्यावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीतून माझ्यात येतं. आमच्याकडे नदी नाही, विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून गावाची तहान माझ्यावरच भागायची. मला बांधलं तेव्हा बायकांनी किनाऱ्यावरून टोपल्यांनी वाळू वाहिली होती.

मी भरभरून पाणी दिलं, तेव्हा लोकांनी माझं कौतुक केलं. पण माझी खरी आठवण आहे ती दुष्काळाच्या वर्षाची. पाच महिने पाऊस नव्हता. चर्चच्या मंडळीने ठरवलं, घरटी रोज दोन बादल्या. नळाला कुलूप लागलं आणि किल्ली फाइवाकडे आली. फाइवा हा मंडळीचा वडीलधारा सेवक. रोज सकाळी नळ उघडण्याआधी तो डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करी, "प्रभू, आम्हाला एकमेकांशी प्रामाणिक ठेव." ती ऐकून मला धीर यायचा.

पण त्याच्या घरी तीन डुकरं होती, लेकीच्या लग्नासाठी पोसलेली. मचूळ पाणी पिऊन ती रोडावत चालली होती. एका दुपारी, गाव पडून असताना, फाइवा एकटा आला आणि त्याने तिसरी बादली भरली. दुसऱ्या दिवशीही आला. मग रोजच येऊ लागला.

दर शनिवारी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, माझ्यात काठी घालून पाणी मोजत. त्या शनिवारी काठी अपेक्षेपेक्षा कमी भिजली.

"कुणीतरी जास्त नेतंय," पाळक म्हणाले.

"टिलेसाच्या दोरीवर रोज चादरी वाळतात," पाण्याच्या रांगेतली सिआलोफी नावाची बाई म्हणाली. "तिच्याकडे काय स्वर्गातून पाणी येतं?"

बायका हसल्या. टिलेसा विधवा होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं ती एकटीच करायची, त्यामुळे उपासनेला क्वचितच यायची. लोक म्हणत, तिचा विश्वास थंडावलाय. चादरी ती समुद्रात धूत होती आणि विहिरीच्या पाण्यात खळबळत होती, पण हे विचारायला कोण गेलं? फाइवा तिथेच उभा होता. किल्ली हातात घट्ट धरून तो खाली बघत राहिला. मित्रांनो, त्या दिवशी मला बोलता येत नाही याचं फार वाईट वाटलं.

सोमवारी दुपारी तो नळाशी वाकला होता, तेवढ्यात टिलेसा आली. तिने त्याला आदल्या आठवड्यातच चोरून पाणी भरताना पाहिलं होतं. तिच्या हातात भरलेली बादली होती. ती तिने त्याच्यासमोर ठेवली.

"ही न्या, काका. सासूबाईंचं आणि माझं एकीत भागतं."

फाइवाचा चेहरा उतरला. "डुकरं तडफडतायत, पोरी. लेकीच्या लग्नापर्यंत ती जगायला हवीत."

"तडफडतायत खरी. मी पाहिली." तिने बादली त्याच्याकडे सरकवली. "शनिवारी माझं नाव निघालं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग सकाळच्या प्रार्थनेत तेही घेत चला. देवाला तरी खरं कळू दे."

एवढं बोलून ती निघून गेली. फाइवा माझ्या सावलीत कितीतरी वेळ बसून होता. मग तो उठला, वर चढला आणि माझं झाकण उघडून आपण भरलेली बादली परत माझ्यात ओतली. टिलेसाची बादली त्याने तिच्या दारात नेऊन ठेवली.

रविवारी उपासनेत बायबलमधलं वचन वाचायची पाळी त्याची होती. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. त्याने पुस्तक उघडलं, मिटलं.

"टिलेसाने थेंबभरही जास्त घेतलं नाही," तो म्हणाला. "तिसरी बादली माझी. अकरा दिवस. तिच्यावर आळ आला तेव्हाही मी गप्प बसलो, ते पाणी चोरण्याहून वाईट." त्याने किल्ली मेजावर ठेवली. त्याच्या बायकोने हातांनी डोळे झाकले.

मग सिआलोफी उठली. "मी पाणी नाही चोरलं. मी तिचं नाव चोरलं," ती म्हणाली आणि खाली बसली.

पाळक स्वतः टिलेसाच्या घरी गेले, घडलं ते सांगितलं आणि किल्ली तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली आणि सरळ फाइवाच्या घरी जाऊन परत दिली.

"मला सासूबाईंना सोडून रोज यायला जमायचं नाही, काका. आणि आता तुमच्याइतका सावध माणूस गावात दुसरा नाही."

फाइवाने लग्न दोन महिने अलीकडे घेतलं, डुकरं कापली आणि सगळ्या गावाला जेवू घातलं. थाट झाला नाही, पण लेक खूश होती. तिला लग्नाची घाईच होती! त्यानंतर फाइवाची सकाळची प्रार्थना फार छोटी झाली, आणि ती तो डोळे उघडे ठेवून करू लागला. टिलेसाच्या बादल्या मात्र तो स्वतः तिच्या घरी पोचवी.

आता गावात काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या आहेत. माझ्या अंगाला तडे गेलेत, पन्हळीत पानं कुजतात. मित्रांनो, पानं काढा, तडे बुजवा, माझ्यात अजून पाणी राहील. आणि माझ्याजवळ उभं राहून प्रार्थना केलीत, तर आधी शेजारणीच्या घरी पाणी पोचलंय का, ते बघून या.