काळ्या शे घराण्याचं पान

मित्रांनो, साडेबाराशे पोरांच्या बाप्तिस्म्याची साक्षीदार असलेली मी एक जुनी नोंदवही आहे. केरी या आयरिश परगण्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा चर्चमध्ये माझा जन्म गेला. १८६४ साली कॉर्क शहरात मला शिवलं, तेव्हा माझा कागद जाडजूड होता आणि अंगावर वासराचं कातडं होतं. दिसायलाही मी बरी होते, उगीच विनय कशाला?

फादर मोरियार्टी माझ्यात लॅटिनमध्ये लिहीत. आमच्या गावात एकतीस घरं शे आडनावाची. फार जुन्या काळच्या कुणा पूर्वजाच्या नावावरून ते पडलेलं. आधी त्याच्यापुढे ‘ओ’ असायचा, म्हणजे त्या माणसाचा वंशज. इंग्रजी अमलात तो गळाला तो गळालाच. आता रस्त्यात ‘पॅट शे’ अशी हाक मारली की चौघं मागे वळणार! म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव असे. काळे शे, नावाडी शे, टेकडीचे शे. त्यातही कुणी घरजावई झाला की त्याचं मूळ टोपणनाव जाई आणि त्या घराचं त्याला चिकटे. दोन पिढ्यांत लोक सगळं विसरत. फादर मात्र प्रत्येक नावापुढे घराणं लिहून ठेवत.

बिशप एकदा माझं अक्षर पाहून खूश झाले होते. पुढे बॉस्टनहून लोक आपली मुळं शोधत येऊ लागले. नाव सापडलं की ते माझ्यावर रडत. ते मला मुळीच मानवत नसे, शाई पसरते.

मग नवी वही आली आणि मी वरच्या फळीवर गेले. डोक्यावरच्या छपराचं एक कौल सरकलं होतं. अकरा हिवाळे मी पाणी प्यायले. ते कौल बसवायला कुणालाही अर्धा तास लागला असता, पण तो अर्धा तास कुणाला मिळाला नाही.

१९८६ साली ज्युलिया मॉयनिहन या चर्च सांभाळणाऱ्या बाईंनी मला खाली काढलं. समोर दोन म्हातारे उभे होते, बॅट शे आणि कॉन शे. जुन्या स्मशानात नवी थडगी खणायला बंदी आली होती. काळ्या शेंच्या थडग्यात एकच जागा उरली होती, आणि ती दोघांनाही हवी होती. बॅटची आई नोनी तिथेच पुरलेली होती. बाप समुद्रात गेला, त्याचं काहीच हाती लागलं नव्हतं. कॉनचं म्हणणं असं, की बॅटचा बाप घरजावई, मूळचा नावाडी शे. आणि नोनी काळ्या शेंची मुलगी नव्हेच, पाळलेली पोर. आपल्या आजोबांनी दया म्हणून तिला थडग्यात जागा दिली. आताच्या फादरनी निवाडा माझ्यावर सोपवला होता. नोनी घरची मुलगी निघाली तर जागा बॅटची, नाहीतर कॉनची.

बॅटच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कॉन लहानपणी वेदीपाशी सेवा करायचा, त्याला लॅटिन कळे. तेव्हा वाचायचं काम त्याच्याकडे आलं.

त्याने नोनीच्या जन्माचं, १८८१ सालचं पान उघडलं. मार्च महिन्यावर ओलीचा तपकिरी डाग पसरला होता. त्यात ‘शे’ तेवढं उरलं होतं. ज्युलियाबाईंनी चष्म्यातून पाहिलं, त्यांनाही तेवढंच दिसलं.

कॉन जिंकला होता. ‘काही नाही’ म्हणायचं आणि घरी जायचं.

तेवढ्यात बॅटने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. “थडग्याचं राहू दे रे,” तो म्हणाला. “आई कुणाची होती, तेवढं सांग. जन्मभर लोकांनी तिला उपरी म्हटलं.”

कॉनने डागावर बोट ठेवलं.

“नोनी,” तो म्हणाला. “मायकेल शेची मुलगी. काळे शे.”

“परत वाच.”

कॉनने परत वाचलं. ज्युलियाबाई म्हणाल्या, चहा ठेवते.

फेब्रुवारीत बॅट गेला आणि आईशेजारी पुरला गेला. कॉन हमरस्त्याकडेच्या नव्या स्मशानात एकटाच आहे. मरेपर्यंत त्याला वाटत राहिलं, की आपण चर्चमध्ये उभं राहून खोटं बोललो. शेवटच्या आजारात पाद्रीबुवांपाशी त्याने त्याची कबुलीही दिली, असं त्याने स्वतःच सांगितल्याचं ज्युलियाबाई मला पुसता पुसता पुटपुटल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी वही असेल तर ती कोरड्या जागी ठेवा. फादर मोरियार्टींनी नोनीच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी माझ्यात लिहिलं होतं, ‘नोनी, मायकेल शेची मुलगी, काळे शे.’ शब्दन् शब्द तेच. पण ते कॉनला दाखवायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं.