ओलांडून गेलेली बाटली

पडद्यावरच्या माणसाने पोलिसांना गोदामाचा मागचा दरवाजा दाखवला, आणि बोगोटातल्या आमच्या कोरियन मंडळाच्या सभागृहातली डोकी एकामागून एक माझ्या बाबांकडे वळली.

पडद्यावरचा तो फितूर शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. बाबांसारखाच. बोलताना मानही त्यांच्यासारखीच तिरपी करायचा. चित्रपटवाली मंडळी सोलहून आली तेव्हा आमच्या घरी जेवून गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चोरून आणलेल्या जॅकेटांच्या गोदामावर खरोखरची धाड पडली तेव्हा मी शाळेत होते. गोदाम टाककाकांचं; ते तुरुंगात गेले. खबर कुणी दिली ते कधीच कळलं नाही.

चित्रपट संपल्यावर पानं मांडली.

"पिल्सूदादा, झकास काम केलंत हो," टाककाका बाबांना म्हणाले. "नट तुमच्यापेक्षा देखणा होता, एवढंच."

"तुझा नट फारच जाडा घेतला त्यांनी."

"तुरुंगातलं जेवण मानवलं होतं मला!"

सगळे हसले. जरा जास्तच. मग सोजूची, आमच्या कोरियन दारूची, बाटली फिरू लागली. आपला पेला आपण भरायचा नसतो; तो शेजाऱ्याने भरायचा. बाटली बाबांच्या डावीकडच्या माणसापर्यंत आली आणि बाबांना ओलांडून उजवीकडे गेली. परत आली, तशीच गेली. रिकामा पेला समोर ठेवून बाबा मुळ्याचं किमची खात राहिले.

मी उठून त्यांच्याजवळ बसले.

"बाबा, तुम्ही सांगितलं होतं का पोलिसांना?" मी हळूच विचारलं.

त्यांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "टाकने विचारलं असतं तर त्याला उत्तर दिलं असतं. कधी विचारलंच नाही त्याने."

"मी विचारतेय ना."

"तू विचारशील असं वाटलं नव्हतं."

हो की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. आता तर ते नाहीतच, आणि माझा संशय आहे तिथेच आहे.

त्या दिवशी मी टाककाकांच्या हातातली बाटली मागून घेतली. त्यांनी ती लगेच सोडली नाही, मग सोडली. मी बाबांचा पेला काठोकाठ भरला.

बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला, आमच्यात वडीलधाऱ्यांकडून घेताना धरतात तसा, आणि त्यांच्यासमोर पिताना वळवतात तशी मान माझ्यापासून बाजूला वळवून अदबीने पिऊन टाकला.