परत आलेली खोकी

त्या वर्षी तेल महागलं आणि रेकॉर्डींचं प्लास्टिक मिळेनासं झालं. मग कारखान्याने सोपा मार्ग काढला. दुकानांतून न खपता परत आलेल्या रेकॉर्डी दळायच्या, आणि त्याच मालातून चालू हिट गाणी छापायची. फक्त मधला कागदी बिल्ला आधी काढावा लागे, नाहीतर नवं गाणं खरखरायचं. रेकॉर्ड यंत्राखाली धरून तो बिल्ला ठोकून काढायचं काम डॉरीन टॅपस्कॉटकडे होतं. कुणाकुणाची गाणी तिने ठोकली देव जाणे! ती नावंसुद्धा वाचत नसे.

शनिवारी जादा पाळीला फोरमन विल्फने तिच्यापुढे खोक्यांची चळत आणून टाकली. "आटप गं बाई. एक नंबरचं गाणं दुकानांत संपलंय. दुपारपर्यंत माल पाहिजे."

पहिलं खोकं उघडलं आणि आज मात्र तिने वाचलं. बिल्ल्यावर नाव होतं लेनी टॅपस्कॉट, तिचा धाकटा भाऊ.

विल्फनेही वाचलं. तसा माणूस वाईट नव्हता. टोपी मागे सारून तो म्हणाला, "दुसरीला बसवू का?"

दुसरी म्हणजे ती खिदळणारी पामेला! ती नावं मोठ्याने वाचून दाखवायची. "नको," डॉरीन म्हणाली. "माझं मी बघते."

आणि तिने सगळी खोकी रिकामी केली. दुपारी निघताना एक बिल्ला तेवढा खिशात टाकला. रेकॉर्ड नेली असती तर फाटकावरच्या झडतीत सापडली असती.

लेनी बसचा कंडक्टर. आवाज मात्र खरोखर गोड, उगाच बहीण म्हणून सांगत नव्हती ती. रेकॉर्ड निघाली तशी त्याने बिनपगारी रजा टाकली आणि दर रविवारी संध्याकाळी हिट गाण्यांच्या कार्यक्रमाला रेडिओला कान लावून बसू लागला. "डॉरी, माझी छापताय ना?" तो विचारायचा. "अरे, रात्रंदिवस! हात भरून आले माझे," ती म्हणायची. खरं तर त्याची रेकॉर्ड एकाच पाळीत छापून झाली होती. पण त्याचा चेहरा बघून मेली जीभ सैल सुटायची. आता डेपोच्या साहेबाने निरोप धाडला होता: सोमवारी हजर हो, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला.

रविवारी रेडिओ लावायच्या वेळी लेनी धापा टाकत घरात शिरला.

"डॉरी! काल गावातली सगळी दुकानं पालथी घातली. कुठेही माझी रेकॉर्ड नाही! संपली गं, साफ संपली!"

"दुकानदार म्हणाले तसं?"

"विचारायला कशाला हवं? खण रिकामा दिसतोय की! उद्या डेपोत जातो आणि सांगतो, तुमची तिकिटं तुम्हीच फाडा म्हणून."

तव्यावरची अंडी करपत होती. डॉरीनने गॅस बंद केला. गप्प बसावं असं तिला फार वाटलं. पण गप्प बसली असती तर सोमवारी त्याची भाकरी गेली असती. तिने बिल्ला टेबलावर ठेवला.

लेनीने तो उचलून उलटसुलट पाहिला. "रेकॉर्ड कुठाय याची?"

"दळली. परत आल्या होत्या रे, सगळ्या."

रेडिओवर एक नंबरचं गाणं सुरू झालं, टाळ्याबिळ्या वाजवत. लेनीने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"कुणी काढला हा?"

विल्फचं नाव घेता आलं असतं, पामेलाचंही. पण खोटं बोलून बोलून तिला स्वतःचीच किळस आली होती.

"मी."

"आणि रात्रंदिवस छापतोय म्हणायचीस, तीही तूच." एवढंच बोलून तो वर गेला. अंडी तशीच राहिली.

सोमवारी पहाटेच तो घरातून निघून गेला. डॉरीन नेहमीच्या बसमध्ये चढली आणि तिचा जीव भांड्यात पडला. लेनीच तिकिटं फाडत होता, अंगात गणवेश, गळ्यात तिकिटांचं यंत्र. मागची शाळकरी पोरं तेच एक नंबरचं गाणं टाळ्या पिटत म्हणत होती. तो तिच्या बाकापाशी आला आणि कुणा परक्या बाईला विचारावं तसं म्हणाला,

"कुठलं देऊ?"

"लेनी, अरे..."

"कुठलं तिकीट, बाई?"

डॉरीनने कारखान्याचा थांबा सांगितला.