आत्याबाईंची सीट

गाडी घ्यायची ठरल्यापासून आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात दुसरा विषय नव्हता. पुतण्या आयुष मायलेज सांगायचा, माझा नवरा सुशील इंजिन सांगायचा, आणि सासरे, म्हणजे मामंजी, काच किती खाली जाते तेवढंच विचारायचे, कारण त्यांना तंबाखूचा खर्रा थुंकायचा असतो. माणसं किती बसतील हे मात्र कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं.

माणसं आठ. मामंजी रुपराव आणि त्यांची बहीण पंचफुला आत्याबाई. थोरले भाऊजी श्रीधर, जाऊबाई कामिनी आणि त्यांचा आयुष. मग सुशील, मी मोनाली आणि आमची मिनल. सासूबाई मी या घरात यायच्या कितीतरी आधी गेल्या. आत्याबाईंचा नवरा तरुणपणीच गेला होता. त्या कुहीजवळच्या खेड्यात आपल्या माहेरी परत आल्या आणि भावाची दोन्ही पोरं पोटाशी धरून म्हाताऱ्या झाल्या. भाऊ शहरात आला तेव्हा त्याही आल्या.

आमच्यात भासऱ्याचा मोठा मान. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. धाकट्या सुनेनं त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अंगाला अंग लागू द्यायचं नाही, एका खाटेवर किंवा एका बाकावर बसायचं नाही, मध्ये तिसरं माणूस असलं तरी नाही. पुष्कळ घरांतून हे सुटलं. आमच्याकडे सुटलं नाही, कारण राखायला आत्याबाई होत्या. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. मी कचेरीत दिवसभर पुरुषांशी तावातावानं भांडते आणि घरी येऊन मिनलला म्हणते, "मोठ्या बाबाले सांग, ताट वाढलं." भाऊजी तिथंच उभे असतात. ते मिनललाच म्हणतात, "आईले सांग, आलो."

हसू येतं खरं. पण खोलीत शिरण्याआधी खाकरणारा, मी जिन्यावर असले तर खाली थांबून राहणारा हा माणूस मला कधी परका वाटला नाही. मिनलच्या वेळी मी दवाखान्यात होते तेव्हा बाहेरच्या बाकावरून तेच हलले नाहीत. आत आले नाहीत, एवढंच.

जुन्या छोट्या गाडीत आम्ही सगळे मावत नव्हतो. मुलांना मांडीवर घेऊन, कोंबून जायचो; तेव्हा गाडी भाऊजी चालवायचे, म्हणून रीत मोडत नव्हती. कुणाचं लग्न असो की गावची पूजा, निघायच्या वेळी आत्याबाई दारात येऊन म्हणायच्या, "जा तुम्ही. घर राखाले मी आहो ना." आमच्या घरात राखण्यासारखं आहे काय? एक फ्रीज आणि मामंजींच्या खर्र्याच्या पुड्या. पण त्या म्हणायच्या आणि आम्ही जायचो. त्यांना गाव बघून किती वर्षं झाली कोण जाणे. धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या धरायच्या दिवसांत चुलतभावाला फोन लावून शेताचं तेवढं विचारायच्या, "बांधीत पानी आहे का गा?"

तीन रांगांची गाडी येणार, आणि पहिली फेरी गावाला, हे त्यांनी ऐकलं. मग ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून त्यांनी उन्हात टाकलं. ते मी पाहिलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अर्धे गाडीत, अर्धे ऑटोत असे आम्ही शोरूमला पोचलो. आत्याबाई तेच हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. गाडी एकच, पण दोन तऱ्हेची होती. एकीत मधल्या रांगेत सलग बाक, म्हणजे आठ माणसं. दुसरीत मध्ये दोन सुट्या खुर्च्या, हात टेकायला दांडे, म्हणजे सात माणसं. त्या खुर्च्यांना सेल्समन कॅप्टन सीट म्हणत होता.

कोण कुठं बसणार हे जवळपास ठरलेलंच होतं. चालवणार सुशील. शेजारी मामंजी, कारण त्यांचा गुडघा वाकत नाही. अगदी मागे दोन्ही मुलं आणि जाऊबाई, कारण त्या चणीनं लहान. राहिलो तिघं. आत्याबाईंना मागे चढता येत नाही. मला अगदी मागे बसलं की उलटी होते, ती माझ्या पाचवीला पुजलेली आहे. आणि भाऊजी सहा फुटांचे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेले, म्हणजे आता गाडी चालवायला बसणं नाही. आम्हा तिघांना मधला बाक पुरला असता. पण एका बाकावर मी आणि भाऊजी बसणार कसे? घोडं पेंड खात होतं ते इथं.

भाऊजींनी कुणाला न सांगता मागच्या रांगेत शिरून पाहिलं. गुडघे हनुवटीला लागले. अंगाचं मुटकुळं करून ते थोडा वेळ हसतमुखानं बसले, आणि मग निघेचनात. शेवटी सुशीलनं आणि सेल्समननं एकेक हात धरून त्यांना ओढलं.

"म्हशीच्या पोटातून वगार काढल्यावानी काढलं गा," मामंजी म्हणाले.

भाऊजी कंबर चोळत म्हणाले, "खुर्च्यावालीच घेऊ." का, ते कुणी विचारलं नाही. सुट्या खुर्च्यांत रीत मोडत नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. रीत सांभाळायच्या नादात गाडी सातांची आणि आपण आठ, हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही, कारण कुठं जायचं म्हटलं की आम्ही वर्षानुवर्षं सातच मोजत आलो होतो.

आत्याबाई तेव्हा त्याच सुट्या खुर्चीत बसल्या होत्या आणि दांड्यावरून हात फिरवत होत्या. सेल्समन बुकिंगला नाव विचारता विचारता सहज म्हणाला, "सर, फिर आजी कहां बैठेंगी? ही तर सेव्हन सीटर आहे."

आत्याबाईच लगबगीनं खाली उतरल्या. "मले कुठी जायचं आहे बाबू? घर राखाले मी आहो ना. अन् भासऱ्यासंग सुनेनं एका बाकावर बसू नाही. श्रीधरनं बराबर केलं."

त्या मनापासून बोलत होत्या. मला राग लवकर येतो, पण त्या दिवशी रागाबरोबर रडूही आलं. ज्या बाईनं ही रीत जन्मभर राखली, तिचीच जागा त्या रीतीनं खाल्ली होती, आणि ती आम्हालाच शाबासकी देत होती.

मी मिनलला शोधलं. ती दुसऱ्या गाडीत आयुषबरोबर स्पीकर वाजवून बघत होती. मग मी सरळ भाऊजींकडे वळले.

"भाऊजी, मले आठ सीटवाली पायजे. आत्याबाई येत नसन तं मीही येत नाही."

मामंजींनी तोंडातला खर्रा गिळलाच असावा. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊजींनी गाडीच्या टायरकडे बघत मिनलला हाक मारली.

"मिनल, तुह्या आईले विचार, माह्यासंग एका बाकावर बसाले जमन का तिले?"

मिनल माझ्याकडे वळायच्या आतच मी म्हणाले, "जमन."

"काहीबाही बोलून राहिले तुम्ही," आत्याबाई कावल्या. "रीत आहे आपली. लोक काय म्हनतीन?"

भाऊजींनी त्यांचा हात धरला. "आत्याबाई, लहानपणी बैलबंडीतून बजाराले जायचो तं आम्हा दोघाले तू मांडीवर घेऊन बसे. तुले सोडून जायचं आम्हाले तवा सुचलं नाही. आता मोठे झालो अन् सुचलं, पाह्य. रीत तूच राखते ना? मंग बस आमच्या मधात अन् राख."

त्या नाही नाही म्हणत होत्या आणि भाऊजी त्यांना सलग बाकाच्या गाडीकडे नेत होते. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि आम्ही आत्याबाईंना मध्ये बसवलं. मी डाव्या खिडकीशी, भाऊजी उजव्या. बाकीचेही ठरल्या जागी चढले; सेल्समननं फेरी मारून बघायला किल्ली सुशीलला दिली आणि मागून ऑटो करून येतो म्हणाला, कारण त्याला गाडीत जागाच उरली नव्हती.

पहिली काही मिनिटं आत्याबाई दोन्ही कोपरं बाहेर काढून ताठ बसल्या होत्या, दोन शेतांमधल्या धुऱ्यासारख्या. मग एका वळणावर त्या माझ्यावर कलल्या आणि पुन्हा सरळ झाल्याच नाहीत. मधल्या जागेवरून समोरचा रस्ता सरळ दिसतो. त्या डोळे मोठे करून बघत होत्या.

"इथून तं सगळंच दिसते वं," त्या मला म्हणाल्या. "गाव आलं का पहिले मलेच दिसन."

"दिसन ना," मी म्हणाले.

"तुले मळमळून तं नाही राहिलं?"

"नाही."

पुढे सिग्नल लागला. त्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, दमल्या.

"काहून गप झाल्या, आत्याबाई?"

"काही नाही वं. विचार करून राहिली. आज मी आहो मधात. उद्या मी गेल्यावर तुमच्या दोघाच्या मधात कोन बसन?"

सिग्नल सुटला तरी सुशीलनं गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते.

"कोनीच नाही," ते म्हणाले. "ते जागा रिकामीच राहीन."

मग ते पुढे वाकले आणि आत्याबाईंच्या पलीकडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मध्ये कुणालाही न घालता, ते माझ्याशी बोलले.

"नाही का, मोनाली?"

"हो, भाऊजी," मी म्हणाले. आत्याबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्हाला रागवायचं त्या विसरूनच गेल्या.