दादांच्या लेखी भंगार झालेला वीजमापक

मित्रांनो, मी वीजमापक आहे. जुना आहे, अंगभर ओरखडे आहेत; पण बिघडलेला मी कधीच नव्हतो. बिघाड असलाच तर तो मला वापरणाऱ्यांच्या डोक्यात होता.

माझा एक चिमटा आहे. घराच्या मुख्य तारेभोवती तो बसवला, की तार न कापताही आतून किती वीज वाहते ते मला कळतं. कारखान्यातल्या तपासनीस बाई मला "अगदी नेमका" म्हणाल्या होत्या. त्यानंतर बराच काळ शहाणं माणूस माझ्या वाट्याला आलं नाही.

मला दादांनी विकत घेतलं. निमित्त वीजबचतीचं, खरं म्हणजे त्यांना घरच्यांवर डाफरायला साधन हवं होतं. "गीझर कोणी चालू ठेवलाय? आकडा बघा, आकडा!" असं ओरडत ते घरभर फिरत. त्यांच्या खोलीतला एसी मात्र अखंड चालू! पुढे घर बदललं, तेव्हा वायरमनला बोलावणं कमीपणाचं वाटून त्यांनी चिमटा स्वतःच बसवला, तोही अख्ख्या केबलभोवती. जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा एकत्र धरल्या, की त्या एकमेकींना खोडून काढतात आणि मी शून्य दाखवतो. ते शून्य बरोबर होतं. दादांनी मला टपल्या मारल्या, "भंगार निघालं" म्हणाले आणि मोडक्या रिमोटांच्या खोक्यात फेकलं. अडाणीपणाला एवढा आत्मविश्वास येतो कुठून, कोण जाणे!

तिथून मला दादांच्या बहिणीने, ताईंनी उचललं. त्या दातांच्या डॉक्टर. फावल्या वेळात इलेक्ट्रॉनिक्सचा नाद.

"दादा, हे मी नेऊ?"

"ने बाई, तेवढाच कचरा कमी."

ताईंनी माझा पडदा काढून चिमटा नव्या सर्किटला जोडला. आणि पहिला प्रयोग कसला? किटलीतलं पाणी उकळलं की मोबाईलवर निरोप! किटली शेजारीच होती. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

ताईंचे सासरे सुतार. घरामागच्या शेडमध्ये त्यांची विजेची करवत होती. एकदा ताई त्यांच्या पाठीशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाबा, चहा आणू?" करवत बंद होती, तरी बाबा वळले नाहीत. ताई पुढे गेल्या, तर बाबांच्या सदऱ्याची बाही कातरलेली.

"बाबा, पातं फिरत असताना हात घातलात ना? आवाज ऐकू आला नाही?"

"कान शाबूत आहेत माझे. मला सगळं ऐकू येतं."

ताईंनी किटलीचा खेळ सोडला. करवतीच्या एकाच तारेभोवती मला बसवलं आणि समोर दिवा लावला. मोटर वीज ओढतेय तोवर तो लाल. बंद केल्यावरही पातं थांबेपर्यंत लालच राहावा, म्हणून ताईंनी तो थोडा उशिरा विझेल असं केलं. बाबांनी त्यावर आपली टोपी अडकवली. "सुतारापुढे कसले दिवे लावता?" म्हणे! हट्टाला वय नसतं, हे मला तेव्हा कळलं.

मग एका दुपारी ताईंनी टोपी धुवायला नेली. बाबांनी बटण दाबलं आणि पात्याजवळ अडकलेली ढलपी काढायला हात पुढे केला. बटण झिजलं होतं. मोटर चालूच राहिली, आणि दिवाही लाल राहिला. बाबांचा हात पात्याजवळ थबकला. त्यांनी बटण पुन्हा जोराने दाबलं. थोड्या वेळाने दिवा विझला.

ताई आल्या तेव्हा बाबा स्टुलावर बसले होते.

"मोटर ऐकू आली नाही मला," ते म्हणाले. मग मान खाली घालून, "बरेच दिवस नाही येत, सूनबाई."

ताईंनी सुनावलं नाही. त्या समोर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "आधी हे बटण बदलू. मग कानाच्या डॉक्टरकडे जाऊ." बाबांनी मान हलवली.

मित्रांनो, माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जुन्या वस्तू जपा, असंही मी विनवणार नाही. तुम्ही ऐकणाऱ्यातले नाही. पण घरात एखाद्याला हाक मारलीत आणि तो वळला नाही, तर त्याला घुम्या म्हणून निघून जाऊ नका. पुढे जा. त्याच्यासमोर उभे राहा.

एवढं तरी जमेल ना?