मिशीबाहेरचा ठिपका

"मिशी संपते तिथं नजर ठेवायची," प्रशिक्षणात सुपरवायझर मृणाली मॅडम फळ्यावर पोरांच्या वजनांची पेटी काढून तिच्यातून खाली रेघ ओढत म्हणाल्या. "ती पेटीच्या लांबीच्या दीडपटीपेक्षा लांब जात नाही. त्याच्याही पलीकडे ठिपका पडला, तर त्या मुलाच्या घरी आधी जायचं."

"मिश्या बाप्यांना असतात ओ. ह्या पेटीला कशाला?" मागून दर्शना बोलली आणि अंगणवाडीच्या सगळ्या बाया हसल्या.

सगुणा हसली नाही. तिची पेटी अजून काढायची होती. शाळा तिने लग्नानंतर पुरी केली. तेव्हापासून नवी गोष्ट स्वतः करून बघितल्याशिवाय ती सोडत नसे. आपल्या अंगणवाडीतल्या दीड वर्षाच्या आसपासच्या पोरांची वजनं तिने चढत्या क्रमाने मांडली, बरोबर मधल्या वजनावर रेघ मारली आणि मधली निम्मी पोरं पेटीत घातली. उरलेल्यांसाठी वर एक मिशी, खाली एक. खालची मिशी शिवाच्या वजनावर थांबली. जेमतेम, पण हद्दीच्या आत.

"सगुणाताई, तुमच्याकडे एकही ठिपका नाही. छान!" मॅडम तिचा कागद बघून म्हणाल्या.

बायांनी टाळ्या वाजवल्या. सगुणा खालच्या मिशीच्या टोकाकडे बघत राहिली. बाकीची पोरं तिने उघडी करून काट्याच्या झोळीत घातली होती. शिवाच्या पायांतले चांदीचे जाडजूड वाळे आणि नजर लागू नये म्हणून करदोट्यात बांधलेली लोखंडी किल्ली तेवढी तशीच राहिली होती. ती काढा म्हणायची तिला हिंमत झाली नव्हती. वाडीत कुणालाच झाली नसती.

"मॅडम, एक वजन परत घेते," ती म्हणाली.

संध्याकाळी काटा खांद्याला अडकवून ती शिवाच्या आईच्या, राहीच्या पडवीत आली. राहीचा नवरा मुंबईला. घरात राही, शिवा आणि सासू सावित्री.

"वाळ्यांना हात लावायचा नाय," सावित्री उंबऱ्यातूनच म्हणाली. "राहीचा पयला गेला तेव्हा त्याच्या पायात काय नव्हता."

"काकी, काट्यावर पोराबरोबर चांदी पण बसते."

"तुझ्या कागदासाठी माझ्या नातवाला उघडा करतंस?"

राहीने पिठाचे हात धुतले, शिवाला मांडीवर घेतलं आणि साबण लावून एकेक वाळा उतरवला. मग किल्ली. सासूकडे तिने बघितलं नाही. शिवा एरवी रडला असता. आज नुसता टकमक बघत राहिला.

काटा हलला, थांबला. सगुणाने कागद गुडघ्यावर घेतला. खालची मिशी खोडून अलीकडच्या पोराशी थांबवली आणि खाली मोकळी जागा सोडून एक ठिपका दिला.

"हा आमचा शिवा?" राहीने विचारलं.

"व्हय."

"एवढा लांब?"

"उद्या सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचा गो. भरती करून खायला घालतात. भरतात पोरं."

सावित्री आत निघून गेली.

सकाळी सगुणा एसटीच्या थांब्यावर पोचली, तर सावित्री आधीच उभी. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कडेवर शिवा. मागे पिशवी घेतलेली राही.

"तू येव नको," सावित्री म्हणाली. "तुझी पोरं खोळंबतील. डाक्तराला काय सांगायचा, तेवढा सांग."

"सात किलो सहाशे."

गाडी आली. नातवाला उराशी धरून, "सात किलो सहाशे, सात किलो सहाशे," असं ओठांतल्या ओठांत घोकत म्हातारी पायऱ्या चढली.